सुकती की सक्ती : मांडीवरच्या कळफलकाचा मागोवा

माझ्या हातून एक चूक छापली गेली आहे. ती दुरुस्त करण्यासाठी हा लेख लिहायला घेतला होता. लिहिता लिहिता तो दुसरीकडे वळला आणि मी त्याला वळू दिले.

चूक अशी. मालवणच्या दांडी किनाऱ्यावरच्या एका वयस्क तांडेलांकडून मी काही वर्षे रापणीची माहिती टिपून घेत होतो. घाटावरच्या वाचकांसाठी रापण म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. जाळ्याचे एक टोक किनाऱ्यावर धरून ठेवायचे, होडीतून अर्धवर्तुळ घेत जाळे समुद्रात सोडत जायचे, दुसरे टोक पुन्हा किनाऱ्याला आणायचे आणि मग दोन्ही बाजूंनी माणसांनी ते ओढायचे. याला अनेक घरांचे हात लागतात आणि मिळालेल्या मासळीचे वाटे पडतात. वाटा कुणाला किती, ज्या घरातला पुरुष गेला त्या घराला काय, वाटेने जाताना ओढायला हात लावणाऱ्या परक्या माणसाला काय, हे नियम मला कुठल्या दप्तरात सापडले नाहीत. ते तांडेलांच्या तोंडी होते.

२०२२ च्या आरंभीच्या एका टिपणात वाक्य आहे : 'सक्तीची रापण आमच्याकडे नाय.' या वाक्यावर मी एका छोट्या नियतकालिकात चार पानी लेख लिहिला. किनाऱ्यावरची सामूहिक मासेमारी वेठीची नव्हती, ओढायला येणारा माणूस आपखुशीने येई, असा माझा निष्कर्ष होता आणि त्याचा मुख्य पुरावा हे एक वाक्य. लेख वाचून दोघा-तिघांनी पत्रेही पाठवली. पुढे दीड वर्षाने टिपणे पुन्हा वाचताना ध्यानात आले की त्या वाक्याच्या वर आणि खाली सगळे बोलणे भरतीचे आहे. भरतीला जाळे कुठून सोडायचे, उधाणाच्या दिवशी काय करायचे, मतलई वारा पडला की काय. मध्येच सक्ती कुठून आली? तांडेल 'सुकतीची रापण' असे म्हणाले असावेत का? सुकती म्हणजे ओहोटी. आमच्या किनाऱ्यावर भरती-सुकती असेच म्हणतात.

तांडेल २०२३ च्या पावसाळ्यात गेले. विचारायला माणूस राहिला नाही.

कुणी म्हणेल, ध्वनिमुद्रण का केले नाही? केले होते, दोनदा. यंत्र पुढ्यात ठेवले की तांडेल सभेत उभे राहिल्यासारखे बोलत. 'आम्ही मच्छीमार बांधव' अशी सुरुवात करत आणि 'बांगडो'चा 'बांगडा' होई. तिसऱ्या दिवशी यंत्र घरी ठेवले तेव्हा पुन्हा माणसासारखे बोलू लागले. म्हणून बोलता बोलता लिहून घ्यायचे ठरले. वहीत लिहीत असे, पण माझे अक्षर वेगात असताना मलाच लागत नाही. मे २०२१ च्या तौक्ते वादळात किनाऱ्यावरची वीज दिवसेंदिवस गेली. ती परत आली त्या दिवशी दाब कमी-जास्त होऊन माझा घरचा संगणक बसला तो बसलाच. हाती राहिला फोन. त्यावर अंगठ्यांनी, रोमन अक्षरांत मराठी शब्द दाबायचे, फोन वर देवनागरी शब्द सुचवणार, त्यातला पहिला बरा वाटला की पुढे जायचे. सात महिने मी असे टिपण केले.

या सात महिन्यांत फोनने काय काय सुचवले आणि मी काय काय घेतले, हे मला फार उशिरा कळले. अंगठा धरला म्हणून डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आणि त्या वर्षीच्या दिवाळीत मुंबईच्या भाच्याने एक बिनतारी कळफलक आणून दिला. बारीक दोन सेलवर महिनोन्महिने चालणारा, जेमतेम वीतभर रुंदीचा, पिशवीत मावणारा. तो मांडीवर, फोन समोर नारळाच्या करवंटीला टेकवलेला, असे बसून पहिल्याच दिवशी मी जुनी टिपणे तांडेलांना वाचून दाखवायला सुरुवात केली. "ता काय लिवलंस ता वाच बघूया," असे ते म्हणालेच होते. मी वाचले : श्रावणात पहिल्यांदा पेढे लागले.

"पेढे? देवळात इलंस काय रे? पेडवे म्हटलंय मी, पेडवे!"

पेडवे ही लहान मासळी. फोनला ती ठाऊक नव्हती, पेढे ठाऊक होते. पुढे 'रापणीचो' याचे 'रावणाचा' झालेले निघाले, 'खंय' जागोजाग 'काय' झाले होते. तांडेल पोट धरून हसले आणि म्हणाले, "तुजा यंत्र तुज्यापरास शाणा दिसता." त्या हिवाळ्यात आम्ही दोघांनी मिळून जवळजवळ निम्मी टिपणे तपासली. सक्तीचे वाक्य उरलेल्या निम्म्यात होते.

चूक माझी की यंत्राची, असा प्रश्न मी स्वतःला विचारला तेव्हा उत्तर सोपे वाटले होते : दोघांची. मग दुसरा प्रश्न आला. कुठली कळ दाबली की कुठले अक्षर उमटावे, हे आजवर ठरवले कुणी? तो शोधताना जे हाती आले ते पुढे मांडतो.

आधी यंत्राच्या पलीकडचे. आपल्याकडच्या दप्तरांत शतकानुशतके मोडी होती. बोरू न उचलता लिहायची लिपी, कारकुनाच्या वेगासाठी घडलेली. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळत नाहीत आणि घाईच्या हातात कित्येक अक्षरे एकमेकांसारखी दिसतात. मोडी वाचणारा संदर्भावरून तर्क करतो. मी स्वतः घरगुती कागद वाचताना असे शेकडो तर्क केले आहेत आणि त्यातले काही नक्कीच चुकले असतील. पण कागदावरची रेघ जागेवर असते. उद्या माझ्यापेक्षा जाणता कुणी आला तर तो तीच रेघ पाहून मला खोटे ठरवू शकतो. फोनच्या टिपणात मी काय दाबले होते ते उरलेलेच नाही, फोनने काय मानले तेवढेच उरले आहे. मला या सगळ्या शोधात सर्वांत जड गेलेली गोष्ट ही.

छपाई आली तेव्हा अक्षर खिळ्यात उतरले. आमच्या जिल्ह्याला याचा अभिमान वाटावा, कारण ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत 'दर्पण' सुरू करणारे बाळशास्त्री जांभेकर देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. एका स्तंभात मराठी, शेजारी इंग्रजी असे ते पत्र होते. पुढे जावजी दादाजींच्या निर्णयसागरने खिळ्यांना जे रूप दिले ते मराठी डोळ्यांत कायमचे बसले. देवनागरीची खिळ्यांची केस इंग्रजीपेक्षा कितीतरी पसरट, कारण मात्रा, जोडाक्षरे, अर्धी अक्षरे मिळून शेकडो घरे लागतात. जुळाऱ्याचा हात त्या घरांत फिरे. तो खिळा उचलून चुकीच्या जागी ठेवी तेव्हा चूक त्याची असे आणि मुद्रितशोधकाला ती सापडे. 'सुकती'चा 'सक्ती' करायला त्याला उकार काढून टाकावा लागला असता आणि 'क' व 'त' जोडावे लागले असते. एवढी खटपट कुणी चुकून करत नाही.

यानंतर आले टंकलेखन यंत्र आणि खरी ओढाताण तिथे सुरू झाली. अमेरिकेत शोल्सच्या यंत्राचे उत्पादन रेमिंग्टन कंपनीने १८७४ मध्ये बाजारात आणले. त्याच्या कळांची क्यू-डब्ल्यू-ई-आर-टी-वाय ही रांग आजही माझ्या भाच्याच्या भेटीवर छापलेली आहे. सव्वीस अक्षरांसाठी आखलेल्या त्या लोखंडी चौकटीत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात देवनागरी बसवली गेली. शेचाळीस कळांचे यंत्र घेतले, प्रत्येक कळेवर वर-खाली दोन चिन्हे दिली, तरी हाती ब्याण्णव जागा येतात. जुळाऱ्याच्या शेकडो घरांतून ब्याण्णववर यायचे, म्हणजे लिपीनेच अंग चोरायचे.

चोरावे की नाही यावर मोठे वाद झाले. स्वातंत्र्यवीर सावरकर १९२४ ते १९३७ रत्नागिरीत स्थानबद्ध होते, तेव्हा मालवण त्याच जिल्ह्यात होते. तिथे असताना त्यांनी लिपिशुद्धीची चळवळ चालवली. इ, ई, उ, ऊ, ए, ऐ ही वेगळी अक्षरे नकोत, अ लाच वेलांट्या, उकार, मात्रा द्याव्यात : अि, अी, अु, अू, अे, अै. मुद्रण आणि टंकन सोपे व्हावे हा त्यामागचा व्यावहारिक हेतू. काका कालेलकरांनीही याच दिशेने खटपट केली. स्वातंत्र्यानंतर १९५३ मध्ये लखनौला भरलेल्या परिषदेने तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे, आखूड दांड्याने काढावी असे ठरवले. लोकांनी ते मानले नाही आणि निर्णय मागे पडला. हा प्रसंग मला फार आवडतो. यंत्राच्या सोयीसाठी 'कि' आणि 'की' यांतला फरक दांड्याच्या लांबीवर सोपवायला शाळेत शिकलेली माणसे तयार झाली नाहीत.

मी या यंत्रावर १९८६ मध्ये बसलो. दहावीनंतर टायपिंग क्लास लावायचा, हे तेव्हा ठरलेलेच होते. मराठी तीस, मग मराठी चाळीस, इंग्रजीचे जमेल तसे. शासनाच्या वाणिज्य प्रमाणपत्र परीक्षेतले मिनिटाला शब्दांचे हे आकडे म्हणजे आमच्या पिढीच्या पोटापाण्याचे आकडे. लिपिकाच्या जाहिरातीत आजही मराठी तीस आणि इंग्रजी चाळीसची अट असतेच. पत्र्याच्या छपराखाली आठ यंत्रे, त्यात एक हाल्डा, बाकी गोदरेज. खाऱ्या हवेने त्यांच्या दांड्या गंजत आणि क्लासचे मास्तर दर रविवारी मशीनचे तेल घालत बसत. मराठी यंत्राची शिस्त डोळ्याची होती. कागदावर जे डावीकडे दिसते ते आधी मारायचे. 'कि' लिहायचे तर आधी वेलांटी, मग क. कित्येक अक्षरांची अर्धीच रूपे कळेवर, पुढे काना मारला की अक्षर पुरे होई. मात्रा आणि उकार यांच्या कळा 'डेड', म्हणजे त्या दाबल्या की गाडा पुढे सरकत नसे. बोलताना आपण क म्हणतो आणि मग त्याला इ लागते, पण बोटे उलट चालत. तीसच्या परीक्षेला बसेपर्यंत माझ्या बोटांना ती उलटी चाल इतकी मुरली की पुढे पतपेढीतल्या नोकरीत मी कधी कळांकडे पाहिले नाही. (गोदरेजने १९५५ मध्ये भारतात बनवलेला पहिला टंक काढला आणि २००९ च्या सुमारास उत्पादन थांबवले. २०११ मध्ये जगातला शेवटचा टंककारखाना बंद झाला अशी बातमी जगभर फिरली. ती पूर्ण खरी नव्हती, इतरत्र यंत्रे बनत होती. पण आमच्या क्लासच्या मास्तरांनी ते कात्रण भिंतीला लावले होते.)

ज्या वर्षी मी उलटी चाल शिकत होतो त्याच वर्षी, १९८६ मध्ये, केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने सुलट चालीचा कळफलक ठरवला. त्याचे नाव इन्स्क्रिप्ट. मला ते तेव्हा कळले असते तर बरे झाले असते, पण मालवणात कोण सांगणार? इन्स्क्रिप्टमध्ये स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. मराठी शब्दात व्यंजन-स्वर असे आळीपाळीने येतात, म्हणून हातही आळीपाळीने पडतात. क च्या कळेवरच शिफ्ट धरून ख, ग वर घ, त वर थ, म्हणजे वर्णमालेतली जोडी तशीच. आणि क्रम कानाचा : जे आधी ऐकू येते ते आधी. शिवाय हाच आराखडा कन्नड, गुजराती, बंगाली अशा भारतीय लिप्यांना चालतो. मालवणात मराठी शिकलेला कारकून कारवारला गेला तर त्याला कन्नडातला क कुठे आहे हे शोधावे लागणार नाही.

हे काम ज्यांनी पुढे नेले त्यांत मराठी माणसे होती. मोहन तांबे यांच्या पुढाकाराने आयआयटी कानपूरमध्ये घडलेले जिस्ट तंत्र पुण्याच्या सी-डॅककडे आले. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्युरोने भारतीय लिप्यांच्या संकेतांचे मानक काढले, क्रमांक १३१९४. त्याच वर्षी आलेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतली देवनागरी याच भारतीय कामावर, त्याच्या १९८८ च्या रूपावर, उभी आहे. आज संगणकांवर घरोघर दिसलेला 'मंगल' हा टंक रघुनाथ कृष्ण जोशींनी आखलेला.

तरीही नव्वदीत आणि पुढे बरीच वर्षे छपाईच्या दुकानांत जी मराठी चालली ती वेगळ्याच टंकांची होती. दिसायला देवनागरी, आत साठलेली मात्र इंग्रजी चिन्हे. टंक गेला की मजकूर गेला. मी १९९९ ते २००६ या काळात केलेल्या मोडी लिप्यंतराच्या फायली आज उघडल्या की प्रश्नचिन्हे आणि कंस दिसतात. त्याबद्दल रडगाणे गात नाही, कारण त्या कामाच्या मूळ वह्या माझ्याकडे आहेत.

असा सगळा इतिहास मागे असताना फोन आला आणि त्याने कळफलकच नाहीसा केला. काचेवर चित्र उरले. त्या चित्रात देवनागरीच्या कळा मागवता येतात, पण दोन अंगठ्यांना त्या बारीक पडतात, म्हणून बहुतेकांनी जवळचा रस्ता धरला : रोमन दाबा, देवनागरी मिळवा. हा क्रम डोळ्याचाही नाही आणि कानाचाही नाही, तो अंदाजाचा आहे. आमच्या किनाऱ्यावर हा अंदाज कसा फसतो याचा एकच दाखला पुरे. 'दर्या' म्हणजे समुद्र. 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या खोलगट जागा. रोमनमध्ये दोन्ही एकच. घाटावरच्या माणसाला कदाचित दऱ्या आधी लागतील, आम्हांला दर्या लागतो. आधी काय सुचवायचे हे फोन ठरवतो, आणि त्याने जी मराठी भरपूर वाचली आहे तीत मालवणी किती असणार?

आता भाच्याच्या भेटीकडे येतो. ती जोडल्यावर पहिल्या संध्याकाळी माझी मराठीच नाहीशी झाली. कळफलक जोडला गेल्यावर फोनने काचेवरचे चित्र मिटवून टाकले आणि जे दाबावे ते इंग्रजी उमटू लागले. मला वाटले, कळांवर इंग्रजी छापली आहे म्हणून तो इंग्रजीच लिहिणार. दोन दिवस तसाच ठेवला. मग कुतूहलाने शोधत गेलो तेव्हा कळले की या कळफलकाला कुठलीच भाषा येत नाही. इंग्रजी ही नुसती वरची शाई आहे. आत प्रत्येक कळेला एक क्रमांक आहे, ए ला चार, बी ला पाच, असे पुढे. मी जे ची कळ दाबली तर हवेतून फक्त 'तेरा' जातो. तेराचा जे करायचा की र करायचा, हे फोन ठरवतो, आणि फोनला काय ठरवायचे ते सांगता येते. सेटिंगमध्ये प्रत्यक्ष कळफलकाचे वेगळे पान असते, त्यात आराखडा निवडायचा. माझ्या फोनवर मराठी आराखडा नव्हता, तो पुरवणारे एक वेगळे ॲप घ्यावे लागले. ते निवडले आणि तेराचा र झाला. शिफ्ट धरून तेरा दाबला की ऱ. किनाऱ्यावर, वाऱ्यावर, खाऱ्या पाण्यात, जिथे तिथे लागणारा आमचा ऱ एका कळेवर आला.

एक अवांतर गोष्ट, पण लिपीच्या अभ्यासकाला सांगितल्यावाचून राहवत नाही. हा बिनतारी दुवा ज्या तंत्राने चालतो ते ब्लूटूथ. दहाव्या शतकातल्या हाराल्ड नावाच्या डॅनिश राजाच्या टोपणनावावरून ते नाव घेतले. फोनवर त्याचे जे टोकदार चिन्ह दिसते ते त्या राजाच्या आद्याक्षरांचे, ह आणि ब यांच्या जुन्या रून अक्षरांचे जोडाक्षर आहे. रोमनमध्ये जोडाक्षर नाही म्हणून आपल्या लिपीला दीडशे वर्षे बोल लावले गेले, आणि त्यांच्याच यंत्राच्या कपाळावर जोडाक्षर!

वापरताना काय होते तेही सांगतो, कारण माझ्या वयाचे वाचक विचारतील. टिपणवहीच्या ॲपमध्ये कळफलक उत्तम चालतो. काचेवरचे चित्र गेल्यामुळे अर्धा पडदा मोकळा होतो आणि आठ-दहा ओळी एकदम दिसतात. वर काय लिहिले ते दिसले की चूक दिसते. पत्रांच्या ॲपमध्येही बरे. निरोपांच्या ॲपमध्ये जपावे लागते : माझ्याकडे एंटर दाबला की ओळ बदलत नाही, निरोप जातो. तांडेलांच्या अर्ध्या गोष्टी मी अशा प्रकारे भाच्याला पाठवून बसलो आहे. काही ॲपांत भाषा बदलण्याची जोडकळ चालते, काहींत नाही. बोटांनी मात्र तीन महिने भांडण केले. चाळीस वर्षे वेलांटी आधी मारणारे बोट आता क ची वाट पाहायला तयार नव्हते. 'मिठाचा' लिहायला गेलो की म च्या आधीच एक वेलांटी लोंबकळत पडे. पण ही चूक डोळ्यांसमोर पडे. माझी असे, कुणी तिचा दुसरा शब्द करून ठेवत नसे.

सुकती आणि सक्ती हे दोन शब्द मी या कळफलकावर मुद्दाम दाबून पाहिले. सुकती : स, उकार, क, त, दीर्घ वेलांटी. सक्ती : स, क, पायमोड, त, दीर्घ वेलांटी. दोन्हींना पाचच कळा. हवेतून जाणारे आकडे लिहायचे तर सुकती म्हणजे १६, १०, १४, १५, २१ आणि सक्ती म्हणजे १६, १४, ७, १५, २१. उकार आणि पायमोड दोन्ही डाव्या हाताखाली, पण वेगवेगळ्या बोटांखाली, आणि एक क च्या आधी, दुसरा नंतर. घसरलेल्या बोटाने एकाचा दुसरा होणे फार कठीण आहे. तांडेलांसमोर बसताना मांडीवर हा कळफलक असता तर जे वाक्य आज माझ्याकडे आहे त्यावर मी उभा राहू शकलो असतो.

तो नव्हता. म्हणून त्या छापील लेखातला निष्कर्ष मी मागे घेतो. रापणीत वेठ होती असे मी म्हणत नाही, वेठ नव्हती याचा माझ्याकडे पुरावा नाही एवढेच म्हणतो. पर्ससीनच्या वादात रापणकरांचे रिवाज काय होते हा प्रश्न आता नुसता हौशी संशोधकांचा राहिलेला नाही. अशा वेळी चुकीच्या शब्दावर उभा असलेला एक लेख कुणीतरी कुठेतरी पुढे करील, ही धास्ती मला आहे. न तपासलेल्या टिपणांतले असे सत्तावीस शब्द मी वेगळे काढले आहेत. प्रत्येकासमोर फोनने ठेवलेला शब्द आणि माझा तर्क, दोन्ही लिहिले आहेत, खोडलेले काही नाही.

गेल्या मार्गशीर्षात तांडेलांच्या घरी गेलो. काकी ओटीवर जाळ्याचे जुने सूत उलगडत होत्या. त्यांना मी ते वाक्य दोन्ही प्रकारे वाचून दाखवले. एकदा सुकतीची रापण, एकदा सक्तीची. त्यांनी दोन्ही ऐकले, सूत खाली ठेवले, पुन्हा उचलले.

"दोनय खरा," म्हणाल्या. "पण तेनी काय म्हटल्यानी, ता तेंकाच विचारूक व्हया होता."

मी पिशवीतून कळफलक काढला, मांडीवर ठेवला आणि त्यांचे वाक्य एकेक अक्षर दाबून लिहून घेतले. मग ते त्यांना वाचून दाखवले.

"व्हया नाय, व्हयां," त्या म्हणाल्या. मी अनुस्वार घातला.